तळे खोदणारा सिद्ध

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथे मकरसंक्रांतीच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संक्रांतीच्या दिवसांत सोलापूरच्या पंचक्रोशीत कोणत्याही विषयावर बोलायचे ठरवले, तरी बोलणे अखेर सिद्धरामेश्वरांपाशी येऊन थांबते. अक्कलकोट रस्त्यावरच्या या कुंभारी गावातून शहराकडे निघालेला माणूस या दिवसांत कचेरीच्या कामाला निघालेला असो की बाजारहाटाला, त्याचे पाय सिद्धेश्वराच्या तळ्याकडे वळतात. अंगात पांढरी बाराबंदी घातलेले हजारो भक्त, त्यांच्या डोक्यांवरून सरकत जाणारे सुमारे 30 फूट उंचीचे सात नंदीध्वज आणि ‘हर्र बोला हर्र’ची गर्जना. ज्याने हे एकदा पाहिले त्याला ते आयुष्यभर पुरते. ध्येयनिष्ठा हा आजचा विषय. त्यासाठी दूरची उदाहरणे शोधत जाण्याचे कारण नाही. आपल्या ग्रामदैवताचेच चरित्र पुरेसे आहे. मात्र ते आपण ऐकतो तेवढे सोपे नाही.

ध्येयापासून माणूस ढळतो म्हणजे काय होते? आपल्या डोळ्यांपुढे लगेच मेनका उभी राहते, नाहीतर सोन्याच्या मोहरांची थैली. आजच्या पिढीला विचारले तर ती हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवील. हे मोह खरे आहेत. पण ते ओळखू येतात. जो शत्रू गणवेश घालून समोरून येतो त्याच्याशी लढता येते. मोबाईल कपाटात ठेवता येतो, थैली परत करता येते. खरी कसोटी लागते ती सात्त्विक वेश घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मोहाशी. तो भक्तीच्या रूपाने येतो, प्रेमाच्या रूपाने येतो, कधी सन्मानाच्या आणि कधी तर आपल्या स्वतःच्याच चांगल्या कामाच्या रूपाने येतो. सिद्धरामांच्या चरित्रात हे सारे प्रसंग आहेत. म्हणून ते चरित्र कार्यकर्त्याने पुनःपुन्हा वाचावे.

बाराव्या शतकातील गोष्ट. आजचे सोलापूर तेव्हा सोन्नलगी नावाचे लहानसे गाव होते. मुद्दण्णा आणि सुग्गलादेवी या दांपत्याच्या पोटी सिद्धरामांचा जन्म झाला. त्यांच्यानंतर थोड्याच काळात होऊन गेलेल्या राघवांक या कन्नड कवीने त्यांचे चरित्र काव्यरूपाने लिहिले आहे. मुलगा अबोल, आपल्यातच रमलेला. गावाने त्याला मंदबुद्धी ठरवून टाकले होते. (गावाला अशी घाई नेहमीच असते.) तो गुरे राखी, शेताची राखण करी. एके दिवशी शेतात एक जंगम आला. त्याने हुरडा मागितला. मुलाने भाजून दिला. मग पाहुण्याने दहीभात मागितला. मुलगा घराकडे धावत सुटला. आईने दहीभात दिला, तो घेऊन परत येतो तर शेतात कोणी नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारीत तो रानोमाळ भटकला आणि यात्रेकरूंच्या मेळ्याबरोबर थेट श्रीशैलापर्यंत जाऊन पोहोचला. तेथे लोकांनी त्याला मंदिरातले मल्लिकार्जुनाचे लिंग दाखवले. मुलगा म्हणाला, हा माझा मल्लय्या नव्हे. त्याला हवा होता तो हुरडा खाऊन गेलेला, दहीभातासाठी थांबतो म्हणालेला मल्लय्या. शोधता शोधता तो एका खोल कड्याच्या टोकाशी आला आणि आता प्राण द्यावा या निश्चयाप्रत पोहोचला, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याला सावरले.

एखाद्या सामान्य भक्तिकथेचा शेवट येथे झाला असता. भक्ताला देव भेटला, यापुढे आणखी काय सांगायचे? सिद्धरामांची कथा येथून सुरू होते. मल्लिकार्जुनाने त्यांना श्रीशैलावर ठेवून घेतले नाही. सोन्नलगीला परत जा आणि तेथे माझे काम उभे कर, अशी आज्ञा झाली. ज्याच्यासाठी घर सोडले, जीव पणाला लावला, तो समोर उभा असताना त्याच्याकडे पाठ करून पुन्हा त्या धुळीच्या गावाकडे चालू लागायचे, याला किती बळ लागले असेल? देवाच्या सहवासाचा मोह वाईट कसा म्हणावा? पण त्या क्षणी तोही मोहच होता, कारण सोपवलेले काम दुसरीकडे होते.

आणि ते काम कोणते? सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा. येथे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. आला तर आला. 1972 च्या दुष्काळात दगड फोडण्याच्या कामावर गेलेली माणसे या सभेतही असतील, त्यांना पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. परत आलेल्या सिद्धरामांनी तळे खोदायला घेतले. लिंगांची स्थापना केली. पंचक्रोशीतील ती 68 लिंगे आजही यात्रेच्या पहिल्या दिवशी तैलाभिषेकाने पुजली जातात. भुकेलेल्यांना अन्न दिले, गोरगरिबांची लग्ने लावून दिली. परंतु या सर्वांत तळ्याचे काम सर्वांत नीरस. पूजेला मंत्र असतो, लग्नाला वाजंत्री असते. मातीच्या टोपलीला काय असते? काल जिथे कुदळ थांबली तिथून आज पुढे. संध्याकाळी मागे वळून पाहावे तर खड्डा सकाळच्याइतकाच दिसतो. अशा कामात मन टिकवणे हीच साधना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की निश्चयी माणसाची बुद्धी एकच असते, अनिश्चयी माणसाच्या बुद्धीला मात्र असंख्य फाटे फुटतात. सिद्धरामांनी ते फाटे फुटू दिले नाहीत. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेची त्यांची शेकडो कन्नड वचने आपल्यापर्यंत आली आहेत. ती रचणारा हात कुदळीचा होता हे विसरता येणार नाही.

काम उभे राहिले, कीर्ती पसरली, शिष्यांचा समुदाय वाढला. आणि मग एक दिवस अल्लमप्रभू सोन्नलगीत आले. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात हा प्रसंग मोठ्या नाट्यमय रीतीने आला आहे. तळ्यावर काम करणाऱ्यांना अल्लमप्रभूंनी विचारले, तुमचा तो वड्ड सिद्धराम कुठे आहे? वड्ड म्हणजे वडार, माती-दगडाचे काम करणारा. आपल्या गुरूला असे संबोधलेले ऐकून शिष्य संतापले, त्यांनी दगडांचा वर्षाव केला. सिद्धराम धावून आले, तेही क्रोधाने लाल होऊन. इतकी वर्षे तप केलेल्या योग्याला एका शब्दाने राग यावा! ग्रंथकार सांगतो की अल्लमप्रभूंना ना दगड लागले, ना तो क्रोधाग्नी. मग जो संवाद झाला त्यात अल्लमप्रभूंनी त्यांना एकच गोष्ट दाखवून दिली. तळे खोदता खोदता ‘मी तळे खोदतो’ हा गाळ मनात साचला आहे, तो कोण काढणार?

येथे क्षणभर थांबायला हवे. श्रीशैलावर देवाचा सहवास सोडून सिद्धराम कामासाठी परत आले होते. आता ते कामच आड आले होते. ज्या वाटेने मुक्कामाला जायचे त्या वाटेवरच घर बांधावे, तसे झाले होते. आणि सिद्धरामांचे मोठेपण असे की ते त्यांनी ओळखले. हा कोण मला शिकवणारा, असे म्हणून ते तळ्याकाठी बसून राहिले नाहीत. अल्लमप्रभूंबरोबर ते कल्याणला गेले, अनुभवमंटपात बसले, आणि वयाने स्वतःपेक्षा लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली. ज्याच्या नावाने गाव ओळखले जाऊ लागले तो पुरुष एका तरुणापुढे शिष्य म्हणून बसला. निष्ठा आणि हट्ट यांतला भेद कळायला हा प्रसंग पुरेसा आहे. हट्टी माणूस स्वतःला धरून ठेवतो, निष्ठावंत आपल्या ध्येयाला. ज्या ‘वड्ड’ शब्दाने त्यांचे शिष्य दुखावले, त्याच नावाचा समाज, कर्नाटकातील भोवी-वडार समाज, आज सिद्धरामांना आपले गुरू मानतो. अपमान म्हणून घेतलेल्या शब्दाला काळाने मानाचे आसन दिले.

परंपरा सांगते की पुढे शून्यपीठाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. शरणांच्या त्या मांदियाळीत याहून मोठा मान नव्हता. परंतु कल्याणात उलथापालथ झाली, शरण पांगले, आणि सिद्धराम पुन्हा कोठे आले? सोन्नलगीला. त्याच तळ्याकाठी. तेथेच त्यांनी समाधी घेतली, आणि ती समाधी आज चहूबाजूंच्या पाण्यामध्ये आहे.

आता आपल्याकडे वळू. संघटनेचे काम करणाऱ्यांना नीरसपणाची ओळख करून द्यावी लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जायचे, पाच जण आले तरी काम करायचे, एकच आला तरी करायचे. जे अशा मोजक्या जणांपासून सुरू झाले ते 2025 च्या विजयादशमीला शंभर वर्षांचे झाले. डॉक्टर हेडगेवार कलकत्त्याहून वैद्यकीय शिक्षण घेऊन नागपूरला परतले तेव्हा त्या काळात डॉक्टरची पदवी म्हणजे घरदार, बग्गी आणि प्रतिष्ठा यांची हमी होती. त्यांनी दवाखाना उघडला नाही. हा त्याग सर्वांना ठाऊक आहे, कारण तो दिसतो. 1930 चा प्रसंग तितका सांगितला जात नाही. देशभर सविनय कायदेभंगाचे वारे वाहत होते. याच सोलापुरात त्या वर्षी लष्करी कायदा पुकारला गेला होता. डॉक्टरांचे मन स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी यवतमाळ भागात जंगल सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. परंतु जाण्यापूर्वी सरसंघचालकपदाची जबाबदारी त्यांनी डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवली. सत्याग्रहात गेले ते व्यक्ती म्हणून. पाच वर्षांचे कोवळे रोप त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही, आणि स्वतःच्या अंतःकरणाची हाकही दाबली नाही. या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. टीकाकारांना इतिहासाची पाने उलटण्याचा अधिकार आहेच. पण दोन चांगल्या गोष्टींमध्ये ओढाताण होते तेव्हा ध्येयनिष्ठ माणूस कसा वागतो, याचे ते उदाहरण आहे.

प्रतिकूल काळ कार्यकर्त्याला फारसा बिघडवत नाही. बंदी, तुरुंग, उपहास यांनी माणूस आतून घट्ट होतो. अनुकूलता मात्र हलक्या पावलांनी येते. पूर्वी ज्याला गावात कोणी चहा विचारत नसे, त्याला आज व्यासपीठावर खुर्ची मिळते. खुर्ची मिळण्यात गैर काही नाही. पण पुढल्या कार्यक्रमात ती दुसऱ्या रांगेत लागली आणि मन खट्टू झाले, तर समजावे की गाळ साचू लागला. वस्तीतील बालवर्गाला जायचे सोडून त्या बालवर्गाची छायाचित्रे सर्वत्र पाठवण्यातच ज्याची संध्याकाळ जाऊ लागली, त्याने काम सोडलेले नाही, असे त्याला स्वतःला वाटते. यातच सारी मेख आहे. काम सोडले असे ज्याला कळते तो परत येऊ शकतो. काम करतोच आहे, असे ज्याला वाटते त्याला परत बोलावणार कोण? प्रत्येकाच्या वाट्याला अल्लमप्रभू येत नाहीत; आले तरी आपण त्यांच्यावर दगड टाकतो.

घराघरांतही हेच घडते. मुलाला संस्कार मिळावेत म्हणून आई-वडील त्याला गायनाच्या, चित्रकलेच्या, संस्कृतच्या आणि गणिताच्या शिकवण्यांना पाठवतात, सगळ्याच चांगल्या. मग एक दिवस लक्षात येते की आठवडाभरात संध्याकाळी दिव्यापुढे एकत्र बसायला कोणाला वेळच उरलेला नाही. संस्कारांच्या धावपळीत संस्कार निसटला.

ही सभा कुंभारीत होत आहे, तेव्हा कुंभारीतील एका गोष्टीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तसा हजारो घरांचा भार बायकांच्या बोटांवर आला. तेंदूची पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून दोऱ्याने बांधायचे. हजार विड्या झाल्या म्हणजे दिवसाची मजुरी. आठ-बाय-दहाच्या खोलीत विडी वळणाऱ्या या भगिनींना स्वतःचे छप्पर मिळावे म्हणून माजी आमदार नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, 2006 मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिची घरे दिली गेली. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर आकाराला आले. 2019 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यांनीच पहिल्या टप्प्यातील 15,000 घरांचे हस्तांतरण केले. लहानपणी आपल्याला असे घर मिळाले असते तर, असे म्हणताना त्या दिवशी पंतप्रधानांचा कंठ दाटून आला होता.

आडम मास्तर मार्क्सवादी. त्यांचा वर्गसंघर्षाचा सिद्धान्त या सभेतील बहुतेकांना मान्य नाही, आणि तो मान्य करण्याचे कारणही नाही. परंतु 2019 च्या त्या समारंभात त्यांनी घरांच्या कामाबद्दल पंतप्रधानांची मोकळेपणाने प्रशंसा केली, तेव्हा त्यांच्या पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. विडी वळणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे छप्पर हे ज्याचे ध्येय आहे, त्याने ते छप्पर देणाऱ्याचे आभार मानले. ज्यांना पक्षाची चौकट अधिक प्रिय होती, त्यांना ते खुपले. तीन वेळा आमदार झालेल्या या माणसाचा नंतरच्या निवडणुकांत पराभव झाला, तरी घरांचे काम त्याने टाकले नाही. विरोधकाच्या ठिकाणी दिसलेल्या निष्ठेला निष्ठा म्हणण्यात आपले काही कमी होत नाही. उलट आपल्याच घरात कोणी चौकटीपलीकडे जाऊन चांगल्याला चांगले म्हटले, तर आपण त्याच्याशी कसे वागतो, हा प्रश्न यानिमित्ताने स्वतःला विचारावा.

आणि आडम मास्तरांपेक्षाही मोठी निष्ठा त्या बायकांची. घराचा आपला हिस्सा भरण्यासाठी ज्या बाईने हजार विड्यांच्या मजुरीतून पै-पै बाजूला काढली, तिच्यापुढे किती निकडी आल्या असतील? मुलीचे लग्न, नवऱ्याचे आजारपण, सणाचे लुगडे. यातली एकही गोष्ट चैनीची नव्हती.

कुंभारी हे नाव उच्चारले की कुंभार आठवतो; व्युत्पत्तीचे काय ते अभ्यासकांनी ठरवावे. पण सिद्धरामांच्या कथेतील कुंभारकन्येशिवाय आजचे बोलणे पुरे होणार नाही. लोककथा सर्वांना ठाऊक आहे. ती रोज पहाटे येऊन योग्याच्या निवासापुढे सडा घाली, रांगोळी काढी. एके दिवशी तिने विवाहाची इच्छा व्यक्त केली. सिद्धराम म्हणाले, आपला विवाह लिंगाशी झालेला आहे. तिने हट्ट सोडला नाही, तेव्हा माझ्या योगदंडाशी विवाह कर, असे त्यांनी सांगितले. भोगीच्या दिवशी तळ्याकाठी संमती कट्ट्यावर जो अक्षता सोहळा होतो तो त्या विवाहाचा. संक्रांतीला होमप्रदीपन होते ते तिच्या अग्निप्रवेशाच्या स्मरणार्थ.

ही कथा सांगताना आपण नेहमी सिद्धरामांच्या व्रताचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या जागी रागीट तपस्वी असता तर त्याने तिला शाप दिला असता, दुबळा असता तर व्रत मोडले असते. सिद्धरामांनी व्रत मोडले नाही आणि तिचे मनही तुडवले नाही. पण तिच्याकडेही पाहा. अग्नीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवा. आज कोणत्याही मुलीने तो मार्ग धरावा असे कोणी म्हणणार नाही. त्याआधीच्या त्या पहाटा आठवा. कोणी सांगितले नव्हते, कोणी पाहत नव्हते, मोबदला ठरला नव्हता. सडा वाळतो, रांगोळी दुपारपर्यंत पुसली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने घालायची. तळे निदान खोदलेले राहते, तिच्या कामाची खूणही उरत नव्हती. तिचे नावही उरले नाही. लोक तिला नुसते कुंभारकन्या म्हणतात.

तरीही आठशेहून अधिक वर्षे सोलापूर तिच्या लग्नाला जाते. सात नंदीध्वज वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे, त्यांत मातंग समाजाचाही मान आहे. तो ध्वज पेलणाऱ्या तरुणांचा सराव यात्रेच्या आधीपासूनच सुरू होतो. मिरवणुकीच्या दिवशी दोन्ही बाजूंना लाखोंची गर्दी असते, ओळखीचे चेहरे हाका मारत असतात, कोणी अंगावर फुले टाकत असते. ध्वज ज्याच्या हाती असतो तो या कोणाकडेही पाहत नाही. त्याची नजर वर, काठीच्या टोकाशी असते.